नावाच्या जागी माहिती

डॉक्युमेंट डेटाबेसमधली नोंद म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा संच. त्यातले एखादे मूल्य हा पुन्हा अशाच जोड्यांचा संच असू शकतो, त्याच्या आत आणखी एक, असे हे थर वाढत जातात. जोडीतल्या नावाला ‘की’ म्हणतात. बहुतेक कीज ठरलेल्या असतात. रुग्णाच्या नोंदीत नाव, जन्मतारीख, रक्तगट हे खाने असणारच. पण त्याच नोंदीत ‘तपासण्या’ नावाचा खाना केला आणि त्याच्या आत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, थायरॉइड अशी झालेल्या तपासण्यांची नावेच कीज म्हणून मांडली, तर प्रकरण वेगळे होते. एका रुग्णाच्या चार तपासण्या झालेल्या असतात, दुसऱ्याच्या चाळीस, आणि प्रयोगशाळा उद्या आणखी एक सुरू करते. हिमोग्लोबिन असामान्य आलेले रुग्ण अशा साठ्यातून चटकन निघतात, कारण वाट माहीत असते: तपासण्या, त्यात हिमोग्लोबिन, त्यात शेरा. ‘कोणतीही एक तपासणी असामान्य आलेले रुग्ण’ मात्र निघत नाहीत. वाटेतल्या मधल्या टप्प्यावर कोणते नाव लिहायचे, हेच विचारणाऱ्याला ठाऊक नसते.

ही अडचण एखाद्या उत्पादनातल्या उणिवेमुळे आलेली नाही आणि ती डॉक्युमेंट डेटाबेसबरोबर जन्मलेलीही नाही. नाव लिहायच्या जागी माहिती लिहिली की ती उभी राहते. गेल्या साठ वर्षांत तिच्यावर दोनच उपाय निघाले. एक, नाव उचलून मूल्याच्या बाजूला ठेवणे. दुसरा, नावालाच माहिती मानून त्याच्याबद्दल विचारता येईल असे साधन क्वेरीच्या भाषेला देणे. तंत्रज्ञाने बदलली, उपाय हेच राहिले.

थरांच्या रचनेचा पहिला मोठा डेटाबेस आयबीएमचा आयएमएस. अपोलो मोहिमेच्या यानाचे असंख्य सुटे भाग कशात कोणता बसतो याची नोंद ठेवण्यासाठी १९६६ पासून आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांबरोबर तो घडवला. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे रॉकवेलच्या टर्मिनलवर तो सज्ज असल्याचा पहिला संदेश उमटला. आयएमएसमध्ये एका नोंदीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी असा वृक्ष असे. मात्र कोणत्या प्रकारच्या नोंदीखाली कोणत्या प्रकारची नोंद येईल, हे डेटाबेसच्या वर्णनात आधी लिहून द्यावे लागे. सुट्या भागाचा क्रमांक हा नोंदीच्या आतल्या खान्यातला मजकूर असे, खान्याचे नाव कधीच नसे. त्यामुळे एका पालकाखालची सगळी बालके एकामागून एक वाचून काढणे हा तिथला नेहमीचा व्यवहार होता आणि नावे माहीत नसण्याचा प्रश्नच येत नव्हता. शिस्त कडक होती. तिच्या बदल्यात हा एक त्रास वाचला.

त्याच सुमारास अमेरिकेतच अगदी उलट विचाराची एक प्रणाली तयार झाली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत १९६६-६७ मध्ये नील पापालार्डो आणि सहकाऱ्यांनी पीडीपी-७ या छोट्या संगणकावर मम्प्स ही भाषा रचली. भाषा आणि डेटाबेस यांत तिथे भेदच नव्हता. डिस्कवर कायम राहणाऱ्या बहुस्तरीय ॲरेला ‘ग्लोबल’ म्हणत, आणि त्याच्या प्रत्येक थरावर लागेल तेवढ्याच जागा निर्माण होत. रुग्णालयाला हेच हवे होते. वैद्यकातल्या शक्य तपासण्या शेकडो, एका रुग्णाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्या. प्रत्येकीसाठी रिकामा खाना राखून ठेवायला त्या काळच्या डिस्कवर जागा नव्हती.

कोणत्या थरावर कोणत्या कीज आहेत हे मम्प्समध्ये कोणीच आधी सांगत नसल्याने ते शोधण्याची सोय भाषेतच असणे भाग होते. ती सोय ‘ऑर्डर’ या फंक्शनच्या रूपाने रूढ झाली. त्याला एक की द्यायची, ते क्रमाने पुढची की सांगते. रिकामी अक्षरमाला दिली तर थरावरची पहिली की मिळते. शेवटच्या कीनंतर रिकामी अक्षरमालाच परत येते आणि फेरा संपतो. वरच्या उदाहरणातले असामान्य शेरे शोधायचे, तर रुग्णाच्या तपासण्यांच्या थरावर रिकाम्या अक्षरमालेने सुरुवात करून एकेक की मागत जायची आणि तिच्याखालचा शेरा पाहायचा. तपासणीचे नाव एकदाही लिहावे लागत नाही. कीज साठवणीतच क्रमाने लावलेल्या असल्यामुळे हा फेरा वेगानेही होतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांची व्हिस्टा ही प्रणाली याच पायावर उभी राहिली. डॉक्युमेंट डेटाबेसच्या इतिहासात मम्प्सचा उल्लेख फारच कमी होतो, हे योग्य नाही. अनिश्चित कीजचा प्रश्न तिथे सरळ ओळखला गेला होता आणि त्याचे कामचलाऊ नव्हे, तर नीटस उत्तरही दिले गेले होते.

१९७० मध्ये आयबीएमच्याच सॅन होजे प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि पुढच्या तीन दशकांची दिशा ठरली. निबंधातले एक उदाहरण या विषयाच्या गाभ्याशी जाते. कर्मचाऱ्याच्या नोंदीत त्याचा क्रमांक, नाव आणि जन्मतारीख आहे. त्याच्या आत नोकरीचा इतिहास आहे, त्याच्या आत पगाराचा इतिहास आहे आणि शेजारी मुलांची यादी आहे. कॉड यांनी या एका गुंतागुंतीच्या नोंदीचे चार सपाट तक्ते केले आणि वरच्या नोंदीची ओळख खालच्या प्रत्येक तक्त्यात एक स्तंभ म्हणून उतरवली. थर गेले, त्यांच्यातले नाते मूल्यांच्या रूपाने टिकले. मुलाचे नाव हा स्तंभातला मजकूर झाला. प्रत्येक मुलाच्या नावाने वेगळा स्तंभ करण्याची कल्पनाही या रचनेत बसत नाही.

या स्वच्छ मांडणीची एक बाजू पुढे अडचणीची ठरली. स्तंभांची नावे स्कीमात, म्हणजे आधी ठरवलेल्या आराखड्यात, आणि माहिती ओळींमध्ये, अशी पक्की विभागणी झाल्याने एसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसच्या भाषेत क्वेरी ओळींवरून फिरते, स्तंभांच्या नावांवरून नाही. ‘कोणत्याही स्तंभात अमुक मूल्य असलेली ओळ’ हा साधा प्रश्न विचारायला सगळ्या स्तंभांची नावे हाताने लिहावी लागतात. ज्यांच्या माहितीचे खानेच ठरलेले नव्हते त्या वैद्यकीय प्रणालींनी मग प्रत्येक तपासणीची एक ओळ केली: कोणाची, कोणती, किती. वस्तू, गुणधर्म आणि मूल्य अशा या तीन स्तंभी मांडणीला ईएव्ही म्हणतात. येल विद्यापीठात प्रकाश नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिचे विस्तारित रूप मांडले. अनिश्चित नाव इथे मूल्याच्या बाजूला आले, म्हणून ‘कोणतीही तपासणी’ हा प्रश्न सोपा झाला. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. एका रुग्णाचे दहा गुणधर्म एका ओळीत पाहायचे तर तोच तक्ता स्वतःशी पुन्हा पुन्हा जोडावा लागतो, आणि तारीख, आकडा, मजकूर ही सगळी मूल्ये एकाच स्तंभात कोंबावी लागतात.

नव्वदच्या दशकात वेबमुळे स्कीमा नसलेल्या माहितीचा पूर आला आणि संशोधकांनी तिला ‘सेमीस्ट्रक्चर्ड’ म्हणायला सुरुवात केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातला लोर प्रकल्प यातला महत्त्वाचा. सर्ज अबितबूल, जेनिफर विडम आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी लोरेल ही क्वेरीची भाषा रचली. वाटेतला एखादा टप्पा माहीत नसेल तर तिथे खूण ठेवून पुढे जाण्याची, इतकेच काय, मध्ये किती टप्पे आहेत हेही न सांगण्याची मुभा तिच्यात होती. पीटर ब्यूनमन, सुझन डेव्हिडसन, डॅन सुचू यांच्या यूएनक्यूएल या भाषेने आणखी एक पाऊल टाकले: वाटेवरच्या नावालाच चलात पकडून ते उत्तरात परत देता येऊ लागले. ‘असामान्य शेरा असलेले रुग्ण सांगा, आणि तो शेरा कोणत्या तपासणीचा तेही सांगा’ हा प्रश्न एका वाक्यात मावला. प्रश्नाचे तात्त्विक उत्तर इथे पूर्ण झाले होते. पुढच्या काळातल्या बहुतेक सोयी याच कल्पनांच्या आवृत्त्या आहेत.

लोर प्रकल्पातच रॉय गोल्डमन आणि विडम यांनी १९९७ मध्ये ‘डेटागाइड’ मांडले. साठ्यात प्रत्यक्ष आढळणारी नावांची प्रत्येक वाट त्यात एकदाच नोंदलेली असते, त्यामुळे स्कीमा नसलेल्या डेटाबेसमध्ये काय काय आहे याचा नकाशा हाती येतो. पण नावांच्या जागी रुग्णांचे क्रमांक किंवा तारखा असल्या, तर हा नकाशा मूळ साठ्याइतका फुगत जातो. ही मर्यादा पुढे वेगळ्या वेषात पुन्हा समोर आली.

एक्सएमएल १९९८ मध्ये आणि त्याची वाट दाखवणारी एक्सपाथ ही भाषा नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रमाणित झाली. एक्सपाथमध्ये तारांकन म्हणजे कोणत्याही नावाचा घटक आणि दुहेरी तिरकी रेघ म्हणजे कितीही खोलवरचा वंशज. सापडलेल्या घटकाचे नाव काय, हे विचारण्याचे फंक्शनही होते. तरीही एक्सएमएल वापरणाऱ्यांना याची गरज तुलनेने कमी पडली. टॅगची नावे स्कीमात ठरलेली ठेवायची आणि बदलती गोष्ट टॅगच्या आत लिहायची, ही सवय त्या जगात मुरलेली होती.

ती सवय जेसनबरोबर मोडली. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास जावास्क्रिप्टच्या लिखाणातून हे स्वरूप वेगळे काढले. २००६ मध्ये त्याचे पहिले आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालेतले टिपण, निघाले. जेसनमध्ये महिरपी कंस दोन अगदी वेगळी कामे करतो. ठरलेले खाने असलेली नोंदही त्यातच लिहायची आणि कोणतीही की चालणारा कोशही त्यातच. वाचणाऱ्या माणसाला फरक कळतो. यंत्राला कळण्यासारखे त्यात काहीच नाही. जावास्क्रिप्ट, पायथन, पीएचपी या भाषांत कोश हाताशी असतो आणि की देताच मूल्य मिळते. म्हणून प्रोग्रामर मेमरीतला कोश जसाच्या तसा डिस्कवर ठेवू लागले. एकच की दोनदा येत नाही, हाही लाभ असतो.

काही प्रणालींत तर अनिश्चित कीज मुद्दाम निवडलेल्या आहेत. फायरबेसच्या रिअलटाइम डेटाबेसमध्ये अनेक जण एकाच वेळी यादीत भर घालत असतात. क्रमांकाने लावलेल्या यादीत दोघेही पाचव्या जागेवर लिहितील आणि एकाची नोंद पुसली जाईल. म्हणून प्रत्येक नव्या नोंदीला वीस अक्षरांची की दिली जाते: पहिली आठ अक्षरे वेळेवरून, उरलेली बारा यादृच्छिक. अशी की कोणालाच आधी सांगता येणार नाही, हीच तिची योग्यता.

स्कीमा नसलेल्या डॉक्युमेंटची कल्पना व्यवसायात आधीपासून होती. १९८९ मध्ये आलेले लोटस नोट्स हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबी सुरू केले. त्याच्या मुख्य पद्धतीत ठरावीक क्वेरीभाषेऐवजी जावास्क्रिप्टचे एक लहान फंक्शन लिहायचे असते. ते प्रत्येक डॉक्युमेंटवर चालते आणि जी जोडी बाहेर टाकेल ती क्रमाने लावून इंडेक्समध्ये साठवली जाते. फंक्शनच्या आत कीजवरून फेरा मारायला कसलीच आडकाठी नसल्यामुळे, प्रत्येक तपासणीसाठी शेरा, तपासणीचे नाव आणि रुग्णाचा क्रमांक बाहेर टाकला की काम झाले. अनिश्चित नाव इंडेक्स बांधतानाच मूल्याच्या बाजूला येते आणि मूळ डॉक्युमेंटला हात लावावा लागत नाही. मात्र प्रश्न आधी ठरलेला असावा लागतो. आयत्या वेळी सुचलेल्या प्रश्नासाठी नवा इंडेक्स बांधून होईपर्यंत थांबावे लागते.

न्यूयॉर्कच्या टेनजेन कंपनीने २००९ मध्ये खुला केलेला मोंगोडीबी सर्वांत लोकप्रिय ठरला, म्हणून ही अडचण सर्वाधिक लोकांना त्याच्यातच भेटली. त्याच्या क्वेरीत वाट टिंबांनी जोडून लिहितात: ‘तपासण्या’ टिंब ‘हिमोग्लोबिन’ टिंब ‘शेरा’. मधल्या टप्प्यावर ॲरे असेल तर त्याचा प्रत्येक घटक आपोआप तपासला जातो. कोश असेल तर मात्र नेमके नावच लागते. ‘कोणतेही नाव’ अशी खूण वाटेत चालत नाही. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक डॉक्युमेंटवर जावास्क्रिप्ट चालवणे हाच मार्ग होता. तो इंडेक्सचा उपयोग करत नसे आणि साठा मोठा झाला की असह्य होई. ऑगस्ट २०१२ च्या २.२ आवृत्तीत एकामागून एक पायऱ्यांनी माहितीवर प्रक्रिया करणारी ॲग्रिगेशनची साखळी आली, पण कीज उलगडण्याची पायरी तिच्यात नव्हती.

ती पायरी २०१७ मध्ये ३.४.४ आवृत्तीबरोबर ‘ऑब्जेक्टटूॲरे’ या नावाने आली. ती कोश घेते आणि त्याचा ॲरे करते. ॲरेतल्या प्रत्येक घटकात दोनच खाने असतात: ‘के’ या खान्यात मूळची की, ‘व्ही’ या खान्यात तिचे मूल्य. हिमोग्लोबिन हे नाव होते, ते आता ‘के’चे मूल्य झाले. पुढच्या पायरीत ॲरे सोडवून प्रत्येक तपासणीचे स्वतंत्र डॉक्युमेंट करायचे, मग ‘व्ही’च्या आतला शेरा असामान्य आहे ते गाळून घ्यायचे, आणि हवे तर ‘के’वर गट करून कोणती तपासणी किती जणांची असामान्य आली ते मोजायचे. गाळलेले घटक पुन्हा कोशाच्या रूपात आणणारी उलटी पायरीही सोबतच आली. प्रश्न सुटला, पण दोन उणिवा राहिल्या. रूपांतर क्वेरी चालताना होत असल्यामुळे उलगडलेल्या जोड्यांना इंडेक्स मिळत नाही. आणि एक पायरी एकच थर उलगडते. थर किती हेच अनिश्चित असेल तर साखळी किती लांब करायची ते सांगता येत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या ४.२ आवृत्तीत वाइल्डकार्ड इंडेक्स आला. ‘तपासण्या’खालच्या सगळ्या वाटा, आजच्या आणि उद्या येणाऱ्या, त्यात आपोआप नोंदल्या जातात. एका कलेक्शनवर जास्तीत जास्त ६४ इंडेक्स करता येत असल्याने प्रत्येक तपासणीला वेगळा इंडेक्स देणे शक्यच नव्हते. ती कोंडी सुटली. पण या इंडेक्सकडून भलतीच अपेक्षा ठेवणाऱ्यांची निराशा होते. इंडेक्स बांधताना नाव माहीत नसणे आणि प्रश्न विचारताना नाव माहीत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाइल्डकार्ड इंडेक्स पहिलीवर उपाय आहे. क्वेरीत वाट पूर्ण लिहावीच लागते. ‘कोणतीही तपासणी’ हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरीवर मोंगोडीबीच्या जगात रूढ झालेला उपाय म्हणजे ‘ॲट्रिब्यूट पॅटर्न’. कोश साठवायचाच नाही. सुरुवातीपासून नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा ॲरे ठेवायचा आणि दोन्ही खान्यांवर मिळून एकच इंडेक्स करायचा. ही ईएव्हीचीच मांडणी आहे, फरक इतकाच की जोड्या रुग्णाच्या डॉक्युमेंटच्या आतच राहतात आणि जोडणीचा खर्च वाचतो. नव्या साठ्यासाठी हीच रचना सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. एकच की दोनदा न येण्याची हमी मात्र तिच्यात जाते आणि ती प्रोग्राममध्ये पाळावी लागते.

रिलेशनल डेटाबेस या काळात स्वस्थ बसले नव्हते. पोस्टग्रेसमध्ये ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगायेव यांनी केलेला एचस्टोअर हा सपाट कोशाचा प्रकार आधीपासून होता. २०१२ च्या ९.२ आवृत्तीत जेसन आणि डिसेंबर २०१४ च्या ९.४ मध्ये त्याचे बायनरी रूप जेसनबी आले. कोशाच्या प्रत्येक जोडीची एक ओळ करणारे फंक्शन त्यात आहे. ते लावले की उलगडलेल्या कीज एसक्यूएलच्या नेहमीच्या साधनांच्या आवाक्यात येतात. जिन प्रकारचा इंडेक्स कीज आणि मूल्ये सुटी सुटी नोंदतो, म्हणून ‘ही की कुठे आहे’ हे झटकन कळते. २०१६ च्या एसक्यूएल प्रमाणकात जेसनच्या वाटांची भाषा आली आणि ऑक्टोबर २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत पोस्टग्रेसने ती आणली. तारांकनाने कोणतीही की, दुहेरी तारांकनाने कोणतीही खोली. यातले दुहेरी तारांकन पोस्टग्रेसची स्वतःची भर आहे. लोरेलने जे दिले होते ते दोन दशकांनी नित्याच्या वापरात आले.

शोधयंत्रांना तीच अडचण निराळ्या रीतीने जाचली. इलॅस्टिकसर्च प्रत्येक नव्या नावाची स्वतंत्र खाना म्हणून नोंद करतो. नावांच्या जागी क्रमांक आले की ही नोंदवही बेसुमार वाढून सर्व्हरची मेमरी खाते. डेटागाइडची मर्यादा ती हीच. त्यामुळे एका इंडेक्समध्ये डीफॉल्टने १००० खान्यांची मर्यादा घातली गेली, आणि २०१९ च्या ७.३ आवृत्तीत ‘फ्लॅटन्ड’ हा प्रकार आला. त्यात आख्खा कोश एकच खाना मानला जातो आणि प्रत्येक मूल्य दोनदा नोंदले जाते, एकदा नुसते आणि एकदा कीसह. त्यामुळे नाव माहीत असो वा नसो, शोध चालतो. पण सर्व मूल्ये अक्षरांच्या रूपात साठतात, म्हणून अक्षरक्रमाने ‘९’ हा ‘१०’ च्या नंतर येतो आणि हिमोग्लोबिन दहापेक्षा कमी असलेले रुग्ण अशा खान्यातून बिनचूक मिळत नाहीत.

क्वेरीच्या भाषांच्या बाजूने ॲमेझॉनने ऑगस्ट २०१९ मध्ये पार्टिक्यूएल जाहीर केली. तिच्यातला ‘अनपिव्हट’ कोशाच्या जोड्यांवरून फिरतो आणि नाव व मूल्य दोन्ही चलांत देतो, यूएनक्यूएलने दाखवले होते तसे. माहितीच्या वाहतुकीसाठी गूगलने केलेल्या प्रोटोकॉल बफर्समध्ये मॅप हा वेगळा प्रकार असतो आणि तारेवरून जाताना तो नाव-मूल्य जोड्यांच्या यादीसारखाच लिहिला जातो. नोंद आणि कोश यांतला जो फरक जेसनने पुसला, तो इथे प्रकारातच नोंदलेला आहे. जेसन स्कीमानेही ठरलेल्या नावांचे खाने आणि नमुन्यात बसणारी कोणतीही नावे यांचे नियम वेगळे लिहिण्याची सोय केली.

कीजमध्ये कोणतीही अक्षरे चालू लागल्यावर एक शेवटचा गुंता उरला. ईमेलचा पत्ता की म्हणून ठेवला तर त्यातले टिंब आणि वाटेतले टिंब वेगळे ओळखता येत नाहीत. मोंगोडीबीने जुलै २०२१ च्या ५.० आवृत्तीत खान्याचे नाव वाटेतून न देता स्वतंत्रपणे देणारे ‘गेटफील्ड’ आणून ॲग्रिगेशनपुरती वाट मोकळी केली. स्टेफान ग्योस्नर यांनी २००७ मध्ये सुचवलेल्या जेसनपाथ या वाटांच्या भाषेत नाव चौकोनी कंसात अवतरणचिन्हांसह लिहिता येत होते, तारांकन होते आणि कितीही खोल जाणारी दोन टिंबेही होती. पण प्रत्येक अंमलबजावणी आपापल्या परीने वागे. इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या आयईटीएफने फेब्रुवारी २०२४ मध्ये आरएफसी ९५३५ काढून जेसनपाथला प्रमाण रूप दिले. सापडलेल्या प्रत्येक मूल्याबरोबर तिथवरची संपूर्ण वाट, वाटेतल्या सगळ्या कीजसह, एकाच ठरलेल्या रूपात कशी लिहायची, हेही त्यात निश्चित केलेले आहे.